थाय चहाचा झेंडूसारखा रंग मसाल्यात शोधू नका (चिंचेत तर अजिबात नको)

तुमची पोस्ट वाचली आणि सहा-सात वर्षांपूर्वीची मीच ओट्यापाशी उभी दिसले. तुम्ही लिहिलंय की बँकॉकहून परत आल्यावर घरी थाय चहा (तो तिकडच्या गाडीवरचा केशरी, दुधाचा, बर्फ घातलेला) करायला घेतला, चक्रीफूल, वेलची, दालचिनी, लवंग सगळं उकळलं, दूध ओतलं, तर रंग रोजच्या चहाचाच आला आणि चव बिर्याणीच्या पाण्यासारखी, तर आता कुठला मसाला राहिला? कुठलाच राहिलेला नाही हो. उलट जास्तीचे पडलेत.

कृती पुढे सांगते. मुद्द्याचं एवढंच की तो रंग रंगाचाच आहे. म्हणजे खायचा रंग. सनसेट यलो, पाकिटावर आयएनएस ११० किंवा ई ११० असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, अमेरिकेत जाणाऱ्या पाकिटावर यलो ६. तो चहाच्या भुकटीतच मिसळलेला येतो. नुसतं गरम पाणी ओतलं की विटकरी-लाल दिसतो आणि त्यात दूध पडलं की झेंडू.

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझी सोसायटीत जी शोभा झाली ती टळली असती.

झालं असं, आम्ही तीन वर्षं बँकॉकला होतो, नवऱ्याची नोकरी. ठाण्यात परत आलो त्याच वर्षी गणपतीतल्या आनंदमेळ्यात मी मोठ्या उत्साहात थाय चहाचा स्टॉल घेतला, साठ ग्लासांची कुपनं आधीच खपली. येताना आणलेलं पाकीट तोवर संपलेलं, पण मला वाटलं त्यात काय एवढं, चहा तर आहे. आदल्या रात्री नेटवर रेसिप्या बघत बसले. एकीत लिहिलेलं की यात टॅमरिंड सीड असतं. सीड हा शब्द मी वाचलाच नाही. डोक्यात काय आलं, तर हे लोक पॅड थायमध्ये, म्हणजे त्यांच्या परतलेल्या नूडल्समध्ये, चिंच घालतात, मग चहातही घालत असतील, आणि ती मागची आंबटसर चव तीच असणार. (तशी काही आंबट चव त्यात नसते, माझ्या मनाने तयार केली.) चिंचोके भाजून कुटून घालायचे असं ती रेसिपीवाली बाई सांगत होती आणि मी चांगला लिंबाएवढा चिंचेचा गोळा भिजवून कोळ काढून सहा लिटर चहात ओतला.

आता गंमत बघा, आंबट पडलं की चहाचा रंग उतरतो, लेमन टी करताना आपण रोज बघतो. पण त्या वेळी सुचतंय कुठे. पातेल्यात चहा फिका पडला म्हणून मी घाबरले आणि फडताळात जिलबीसाठी आणलेल्या केशरी रंगाची डबी होती त्यातला चिमूटभर टाकला. आणि काय सांगू, हुबेहूब! ढवळताना पळीवरून खाली पडणारी धार बघून मला आमच्या गल्लीतली ती गाडी आठवली, डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. नवऱ्याला हाक मारून दाखवलं. आणि मग त्या आनंदात मी पाच लिटर दूध आणि कंडेन्स्ड मिल्कचे आठ डबे सगळं एकदम त्याच पातेल्यात ओतलं.

दोन मिनिटं काही झालं नाही. मग कडेला बारीक कणी दिसायला लागली, मग गाठी, मग वर केशरी निवळी आणि खाली केशरी पनीर. रंग बँकॉकचा, पोत रसमलाई बिघडल्याचा. साठ कुपनांचे पैसे परत केले, दूध आणि डबे मोरीत. शेजारच्या काकूंनी अजून विसरू दिलेलं नाही, चहाला बोलावलं की विचारतात, चिंच घालू का गं.

चुका खरं तर दोन होत्या. चिंच ही एक. पण जास्त महागात पडली ती दुसरी, सगळं एकाच भांड्यात एकत्र करणं. बँकॉकच्या गाडीवरच्या बाया असं कधी करत नाहीत. मी कितीतरी वेळा उभं राहून बघितलंय: लांब दांड्याच्या टिनच्या भांड्यात काळा चहा, तो मोज्यासारख्या लांबट कापडी पिशवीतून दोन-तीनदा गाळायचा, ग्लासात साखर आणि कंडेन्स्ड मिल्क, त्यावर कढत चहा, चमच्याने खडखड ढवळायचं, मग ते बर्फाने काठोकाठ भरलेल्या ग्लासात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतायचं, आणि शेवटी वरून बिनसाखरेच्या आटवलेल्या दुधाची धार. पिशवीला रबर आणि स्ट्रॉ, चालू पडा. प्रत्येक ग्लास वेगळा. एक बिघडला तर एकच बिघडतो. आणि कोणाला लिंबू हवं असेल तर तो चा मनाव, त्यात दूध घालतच नाहीत. दुधाचा तो चा येन. चा म्हणजे चहाच, येन म्हणजे गार. एकतर लिंबू नाहीतर दूध, दोन्हींना नावंच वेगळी, मला कळायला सहा लिटर लागले.

रंगाचा उलगडा मात्र नंतर झाला. एका मैत्रिणीने तिकडून ते अंगठा वर केलेल्या हाताच्या चित्राचं पाकीट आणलं, चा ट्रा म्यू, १९४५ पासूनचा जुना ब्रँड आहे, तिकडे बऱ्याच गाड्यांवर तोच दिसतो. उघडताना चमचाभर भुकटी ओट्यावरच्या ओल्या फडक्यावर सांडली. मी फोनवर होते, नंतर पुसू म्हटलं. पाच मिनिटांनी बघते तर फडक्यावर प्रत्येक कणाभोवती केशरी ठिपका, वर्तुळं पसरलेली. गार पाण्यात! चहा गार पाण्यात असा रंग सोडत नाही. तेव्हा पाकीट उलटून मागची अक्षरं वाचली, मग जिलबीची डबी काढून वाचली, दोन्हीवर ११०. म्हणजे आनंदमेळ्याच्या दिवशी मी चुकून बरोबर उत्तर लिहिलं होतं आणि मग त्यावर चिंच ओतली होती.

यातली खरी मजा अशी की ओल्या फिल्टर पेपरवर चहा पसरून डाग पडतो का बघणं ही आपल्याकडे चहातली भेसळ ओळखायची घरगुती चाचणी आहे, एफएसएसएआयवालेच (सरकारी अन्नसुरक्षा खातं) शिकवतात. आपल्या नियमात चहाला वरून रंग लावलेला चालत नाही. जिलबीला चालतो, चहाला नाही. म्हणजे जी गोष्ट आपल्याकडे भेसळ तीच तिकडे चहाची ओळख. चिंचोक्यांचंही तेच, आपल्याकडे कॉफीच्या पुडीत सापडले तर भेसळ. आता यावरून मी एका कार्यालयात विचारायला गेले होते, मला पुढच्या वर्षी पुन्हा स्टॉल लावायचा होता (हो, खोड मोडत नाही), की अशी पाकिटं पार्सलने मागवली तर चालेल का. तीन खिडक्या फिरवल्या, एकाने सांगितलं अर्ज द्या, दुसऱ्याने सांगितलं कशाचा अर्ज, तिसरे जेवायला गेलेले. पार्सल मागवलंच, ते तीन आठवडे अडकून परत गेलं, कारण आजतागायत कळलेलं नाही. त्यामुळे त्या बाबतीत माझ्याकडून सल्ला नको, एवढंच सांगते की विकायचं असेल तर आधी लेखी उत्तर घ्या.

आता चवीचं. माझं मत हे की चवीतला मोठा वाटा मसाल्याचा नाहीच. एक म्हणजे कडक चहा, आसाम जातीच्या पानांचा, थायलंडच्या उत्तरेला चियांग राय, चियांग माईच्या डोंगरात ही झाडं जुनी आहेत, तिथले लोक तर आंबवलेली पानं चघळतात, मियांग म्हणतात त्याला. दार्जिलिंग वगैरे नाजूक चहा घेऊन बसू नका, साखर आणि दुधाखाली त्याचं काही उरत नाही. दुसरं, पाकिटातला वरून लावलेला वास, जो मला तरी सरळसरळ व्हॅनिला लागतो. आणि तिसरं, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात, डब्यातलं दूध. कंडेन्स्ड मिल्क म्हणजे नुसतं गोड दूध नव्हे, आटताना त्याला जो खरपूस, खव्यासारखा वास येतो तो साध्या दुधात साखर घालून येत नाही. उष्ण देश, पूर्वी घरोघरी फ्रीज नव्हते, डब्यातलं दूध टिकायचं, म्हणून तिकडे सगळीकडे तेच बसलं. चक्रीफूल घालणारे घालतात, पण लिटरला अर्ध्या पाकळीपेक्षा जास्त टाकलं की संपलं. वेलची-लवंग घातलीत तर तो आपला मसाला चहाच झाला, चांगला लागेल, पण थाय नाही.

मी आता काय करते: पाकीट असेल तर दोन मोठे चमचे भुकटी, पाऊण पेला उकळतं पाणी, चार-पाच मिनिटं झाकून, मग कापडातून गाळून परत त्याच भुकटीवर ओतून पुन्हा गाळायचं. गरम असतानाच एक चमचा साखर आणि दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क, नंतर बर्फ. बर्फ आधी घातलात तर मिल्क तळाशी चिकटून बसतं. वरच्या धारेसाठी बिनसाखरेचं डब्यातलं दूध इकडे पटकन मिळत नाही, मी म्हशीचं दूध मंद आचेवर निम्मं आटवून गार करून ठेवते. पाकीट नसेल तर साधी कडक सीटीसी (म्हणजे आपली रोजची दाणेदार) पावडर आणि तीन थेंब व्हॅनिला. रंग तपकिरी येतो, येऊ दे. हळद घालून बघितलीय, हळदीचं दूध होतं. बिटाने गुलाबी होतो. नाद सोडा. डोळे मिटून प्या, नव्वद टक्के तोच लागतो (टक्के माझ्या जिभेचे, प्रयोगशाळेचे नाहीत).

मी फूड सायन्सवाली नाही, डॉक्टर तर नाहीच, तेव्हा रंगाबद्दल एवढंच: तो ठरावीक प्रमाणात खायला परवानगी असलेलाच रंग आहे, आपल्याकडेही. पण युरोपात २०१० पासून ज्या सहा रंगांच्या पदार्थांच्या पाकिटावर मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापावी लागते त्यात हा आहे. मी स्वतः महिन्यातून एकदा-दोनदा बिनधास्त पिते, मुलाला तपकिरी देते. तो कुरकुरतो. साखर बघितलीत तर मला तिचीच जास्त भीती वाटते. बँकॉकला पुन्हा गेलात तर गाडीवर ‘वान नॉय’ म्हणा, म्हणजे गोड कमी, तरीही आपल्या मानाने गोडच देतात.

आणि गाळायला वेगळं कापड ठेवा, रोजच्या चहाची गाळणी वापरू नका. माझ्या सासूबाईंच्या पांढऱ्या मलमलीचा एक तुकडा मी वापरला होता, तो अजून केशरी आहे, दोनदा ब्लीच करून झालं.

तुमच्याकडे एखादं अर्धं पाकीट उरलं असेल तर चमचाभर ओल्या टिश्यूवर टाकून बघा आणि मागच्या बाजूचा फोटो इथे टाका, मग नक्की काय आहे ते बघून सांगते. थाय अक्षरं मला जेमतेम वाचता येतात, पण ११० ओळखते.