जाहिरातीतलं घर आणि आपलं घर

प्रश्न : आमचं जुनं घर विकलंय, ताबा द्यायला महिनाच उरलाय. मोबाइलवर दोनेकशे फोटो काढले पण बघायला घेतले की जाहिरातीतला फ्लॅट वाटतो, आमचं घर वाटतच नाही. कुठं चुकतंय?

उत्तर : तुम्ही बहुतेक दारात उभं राहून अख्खी खोली एका फ्रेममध्ये कोंबलीत, त्यात मोबाइलची मेन लेन्स मुळातच वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, साधारण २४-२६ एमएमच्या बरोबरीची (हा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद), त्यामुळे खोली आहे त्यापेक्षा ऐसपैस दिसते, आणि घर विकणारे नेमकं हेच करतात. २एक्स झूम लावा, म्हणजे ५० एमएमच्या आसपास येतं, आणि रोज जिथं बसायचात तिथंच जाऊन बसा. तिथून दिसतं तेवढंच घ्या.

गंमत म्हणजे कॅमेऱ्यानं काढलेला, आज टिकून असलेला सगळ्यात जुना फोटो, फ्रान्समधल्या नीएप्सचा, १८२६-२७ च्या सुमाराचा, तो त्याच्या घराच्या खिडकीतूनच काढलेला आहे. फोटोग्राफीचा इंग्लंडमधला आद्य प्रयोगकर्ता टॅलबट, त्याची १८३५ ची निगेटिव्हसुद्धा स्वतःच्या घरातल्या खिडकीचीच! नीएप्सचं एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घेत राहणं, तर इतके तास चाललं की समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. असं ऊन एका वेळी कधीच पडत नाही, पण आपल्याला घर आठवतं ते असंच ना, सकाळ-संध्याकाळ सगळं एकात एक.

म्हणून एक दिवस काढा, मोबाइल एकाच जागी टेकवून ठेवा आणि उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत तासातासाला एक फोटो घ्या. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर नको, तो बल्बचा पिवळेपणा बराचसा काढून टाकतो आणि संध्याकाळ तर त्या पिवळ्यातच असते, कॅमेऱ्यात प्रो मोड (सेटिंग हातानं बदलायची सोय) असेल तर ५५०० केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या आकड्यावर, लॉक करा. जुन्या अल्बममधला घरातलाच एखादा फोटो घेऊन तो काढणारा कुठं उभा होता ती जागा शोधा, यात मजा येते आणि रडूही येतं, असो. सामान हलल्यावर परत काढा, कपाटामागचा न उडालेला रंग तेव्हाच दिसतो.

आणि हो, फोटोसाठी साफसफाई करू नका. मी केली होती. स्विचबोर्डभोवती सगळ्यांची बोटं लागून काळपट डाग पडला होता, फोटो नीट यावा म्हणून तो घासून काढला, आता झूम करकरून तोच शोधत बसतो.