एपी फिजिक्सचं ओझं आणि पुण्याहून आणलेली पुस्तकं

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी अकरावीला आहे, यंदा तिने एपी (शाळेतच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) फिजिक्स सी मेकॅनिक्स घेतलंय. आजवर सायन्सला कायम ए आणि पहिल्याच टेस्टला सी आला, तेव्हापासून घरात सुतकी वातावरण आहे. नवऱ्याने पुण्याहून एच. सी. वर्मांचे दोन्ही भाग आणि इरोडोव्ह (अवघड गणितांचं रशियन पुस्तक) आणलंय, त्याचं म्हणणं हे केलं की इथलं फिजिक्स डाव्या हाताचा मळ. ती पुस्तक उघडते आणि रडकुंडीला येते. यूट्यूबवर तर बघावं तेवढं थोडंच. ट्यूटर तासाला 80 डॉलर मागतोय. नक्की काय वापरावं? – एक आई

उत्तर: ताई, आधी ते इरोडोव्ह बेसमेंटमध्ये ठेवून द्या. पुस्तक उत्तमच आहे पण तिची परीक्षा वेगळी आहे, आणि आपल्याकडच्या बाबालोकांची गडबड इथेच होते, त्यांना वाटतं गणित जितकं अवघड तितकी तयारी पक्की. या पेपरात निम्मे मार्क पर्यायवाल्या 40 प्रश्नांना (80 मिनिटं) आणि निम्मे हाताने लिहायच्या चार मोठ्या प्रश्नांना (100 मिनिटं). त्या चारातला एक प्रयोगावर असतो, आणि एकात आधी समीकरण न वापरता काय होईल आणि का ते शब्दांत सांगायचं, मग सूत्र काढायचं आणि दोन्ही जुळतंय का ते बघायचं. जेईईची सवय असलेला मुलगा इथे बरोबर उत्तर काढतो आणि कारण नीट न लिहिल्यामुळे मार्क घालवतो.

म्हणून पहिला सोर्स ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचाच, आणि तो फुकट आहे. त्यांच्या एपी सेंट्रल साइटवर मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न आहेत, सोबत प्रत्येक मार्क कशाला दिला त्याची स्कोअरिंग गाइडलाइन आणि मुलांनी लिहिलेल्या खऱ्या उत्तरांचे नमुने. तिला एक प्रश्न घड्याळ लावून सोडवू दे, मग लाल पेन घेऊन तिचा तिनेच तपासू दे. कमी मार्कांचं नमुना उत्तर आणि पूर्ण मार्कांचं उत्तर शेजारी ठेवून वाचलं की फरक कुठेय ते तिला आपोआप दिसेल. फक्त एक, पॅटर्न 2025 पासून बदललाय, आधी तीनच लेखी प्रश्न असायचे आणि 45 मिनिटं, त्यामुळे जुने प्रश्न सरावाला मस्त पण वेळेचा हिशोब नव्याने करा, आणि गराज सेलमधली जुनी रिव्ह्यू बुकं घेऊ नका.

प्रयोगाच्या प्रश्नात तिच्या बाबांना कामाला लावा. त्यांनी अकरावी-बारावीला प्रॅक्टिकलचं जर्नल लिहिलं असेलच, साध्या लंबकाचं. लांबी बदलत जायची, दर वेळी वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा, त्यावरून आवर्तकाल टी काढायचा. आता टी विरुद्ध लांबीचा आलेख वाकडा येतो, पण टी वर्ग विरुद्ध लांबी काढला की सरळ रेष येते आणि तिचा चढ म्हणजे चार पाय (π) वर्ग भागिले जी, म्हणजे गुरुत्व त्वरण. चढ समजा 4.03 आला तर जी निघतं 9.8. कशाचा आलेख काढला तर रेष सरळ येईल आणि चढावरून काय मिळेल, हे इथे हमखास विचारतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोरा आणि नट बांधून हे अर्ध्या तासात होतं, आणि बाबांचा उत्साहही योग्य जागी लागतो.

थिअरीला ओपनस्टॅक्सचं युनिव्हर्सिटी फिजिक्स, भाग पहिला, राइस युनिव्हर्सिटीचं, पीडीएफ फुकट. ज्या धड्यात ती अडकली तोच वाचायचा, पहिल्या पानापासून नाही. व्हिडिओला यूट्यूबवरचं फ्लिपिंग फिजिक्स किंवा एपी क्लासरूम या कॉलेज बोर्डाच्या साइटवरचे एपी डेली व्हिडिओ, यातलं एकच धरा. त्याच एपी क्लासरूममध्ये सरावाच्या टेस्टही असतात पण त्या सरांनी उघडून द्याव्या लागतात, तर तिला सरळ जाऊन मागू दे, आपली मुलं मागायला लाजतात. एमआयटीचा 8.01 हा मेकॅनिक्सचा कोर्स ऑनलाइन आहे, सुंदर आहे, पण तो सुट्टीत. वर्मा मात्र ठेवा! त्यातले उदाहरणांचे ढीग नकोत, प्रत्येक धड्याच्या शेवटी छोट्या उत्तरांचे जे प्रश्न आहेत ते रोज एक-दोन, आणि उत्तर तिने तोंडाने तुम्हाला समजावून सांगायचं, तुम्हाला फिजिक्स येत नसेल तर अजूनच बरं.

आता तो सी. माझा संशय कॅल्क्युलसवर आहे. पुष्कळ शाळांत कॅल्क्युलस आणि हा कोर्स एकाच वर्षी चालतात, आणि फिजिक्सला इंटिग्रेशन लागतं तेव्हा गणिताच्या वर्गात ते सुरूही झालेलं नसतं. हवेचा रोध असलेली पडणारी वस्तू घ्या, तिथे वन बाय एक्सचं इंटिग्रेशन आल्याशिवाय वेग निघतच नाही. तिची टेस्टची पानं घेऊन बसा आणि चुका फिजिक्सच्या किती, गणिताच्या किती ते मोजा. गणिताच्या जास्त निघाल्या तर फिजिक्सच्या ट्यूटरला पैसे देऊ नका, घातांक, साइन-कोसाइन आणि वन बाय एक्स एवढ्याचं इंटिग्रेशन दोन वीकेंडमध्ये बाबा शिकवतील. फिजिक्सच्या जास्त निघाल्या तर ट्यूटर लावा, पण आठवड्याला एकच तास, आणि त्या तासात नवीन काही शिकवायचं नाही, तिने लिहिलेली उत्तरं तपासून द्यायची, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा.