हरवलेली चावी आणि भरवशाचा चावीवाला

प्रश्न : मुलुंडला आम्ही नुकतेच जुने घर विकत घेतले. आधीच्या मालकांनी दिलेल्या चाव्यांपैकी एक लोकलमध्ये हरवली. नवी चावी करून घ्यावी की कुलूप बदलावे? विश्वासू चावीवाला कसा शोधावा?

उत्तर : तुमच्या बाबतीत नुसती चावी करून भागणार नाही, कारण हरवलेल्या चावीखेरीज आधीच्या मालकांनी कोणाकोणाला चाव्या दिल्या होत्या, हेही तुम्हाला ठाऊक नाही. दाराला पिन-सिलिंडरचे लॅच असेल, तर बहुधा संपूर्ण कुलूप न काढता केवळ सिलिंडर, म्हणजे चावी ज्यात घालून फिरवतो तो भाग, बदलता येते आणि जुन्या सगळ्या चाव्या निरुपयोगी ठरतात. सिलिंडरचे माप मात्र नेमके जुळायला हवे, म्हणून जुने सिलिंडर सोबत नेऊन हार्डवेअरच्या दुकानातून नवे घ्यावे.

चावीवाल्याची चौकशी सोसायटीच्या सचिवांकडे किंवा शेजाऱ्यांकडे करावी. स्टेशनबाहेर वर्षानुवर्षे एकाच जागी बसणारा कारागीर मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण चावी अडली तर त्याच्याकडे परत जाता येते. मजुरी आधी ठरवावी, चावी समोर उभे राहून करून घ्यावी आणि पत्ता सांगू नये.

नक्कल नेहमी मूळ चावीवरूनच करावी. नकलेवरून नक्कल काढत गेल्यास खाचांतील बारीक फरक वाढत जातो आणि चावी अडकू लागते. दोन्ही बाजूंना खळगे असलेली, ज्याला बाजारात कॉम्प्युटर चावी म्हणतात, ती कानशीने घडवण्याचा आग्रह धरू नये. तिला यंत्रच लागते.