मागणारे बोट आणि दाखवणारे बोट

‘ही प्रश्नावली भरली, तर आमच्या मुलावर शिक्का तर बसणार नाही ना?’ स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता लवकर ओळखण्यासाठीच्या प्रश्नावलीविषयी दीड-दोन वर्षांच्या मुलांचे पालक हा प्रश्न मला सतत विचारतात. म्हणून एका कुटुंबाबरोबरच्या काही भेटींतला निवडक भाग, त्यांची ओळख उघड होणार नाही अशा बेताने, येथे मांडत आहे.

मुलगा 20 महिन्यांचा होता. हाक मारली तरी तो क्वचितच वळून पाही. वडील ठामपणे म्हणाले, “मीही उशिराच बोलू लागलो होतो. तीन वर्षांचा होईपर्यंत थांबू या.” आई गप्प होती, पण तिची झोप उडालेली दिसत होती.

मी दोघांना एम-चॅट या स्वमग्नतेच्या प्राथमिक चाळणीसाठीच्या प्रश्नावलीच्या सुधारित आवृत्तीची वेगवेगळी प्रत दिली. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठीच्या या प्रश्नावलीत हो-नाही स्वरूपाचे 20 प्रश्न असतात. 3 ते 7 गुण आले, तर चिंताजनक उत्तरांविषयी पालकांना पुन्हा तपशिलाने विचारले जाते. 8 किंवा अधिक आले, तर थेट तज्ज्ञांकडे पाठवता येते. आईच्या कागदावर 6 गुण आले, वडिलांच्या कागदावर 3. एखादी मौजेची गोष्ट तुम्हाला दिसावी म्हणून मूल बोट दाखवते का, या प्रश्नाला आईने ‘नाही’ लिहिले होते, वडिलांनी ‘हो’.

“शेवटचे कधी दाखवले?” मी वडिलांना विचारले.

“कालच. फळीवरचा चेंडू हवा होता.”

“ते मागणे झाले. काहीही नको असताना, केवळ ‘बाबा, ते बघा’ म्हणून?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, “विमान मीच दाखवतो. तो माझ्या बोटाकडे बघतो, विमानाकडे नाही.”

त्या खोलीत तोवर दोन बाजू होत्या; त्या वाक्यानंतर दोघेही एकाच मुलाकडे पाहू लागले. ‘हो की नाही’ऐवजी ‘शेवटचे कधी’ असे विचारण्याची सवय मी अनेक वर्षांच्या कामातून जाणीवपूर्वक लावून घेतली आहे, आणि तिचे मोल मला त्या दिवशी पुन्हा पटले. शब्द उशिरा येणारी मुले पुष्कळ असतात. परंतु शब्दांच्या आधी येणारे हे वाटून घेणे, म्हणजे वस्तूकडे पाहून मग आपल्या माणसाकडे पाहणे, माझ्या दृष्टीने अधिक बोलके असते, कारण भाषा नात्यातच रुजते असे मी मानते. याचा अर्थ आईची माया कमी पडल्याने स्वमग्नता येते असा मुळीच नाही. ती जुनी समजूत केव्हाच खोटी ठरली असली, तरी या आईनेही मला “माझ्यामुळे झाले का?” असे विचारलेच.

शिक्क्याच्या भीतीचे उत्तर आकड्यांतही आहे. याच प्रश्नावलीवरचा, सुमारे 16,000 मुलांचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. तपशीलवार विचारणेनंतरही चाळणीत अडकलेल्या आणि पुढे तपासणी झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या कमी मुलांना स्वमग्नतेचे निदान झाले. मात्र सुमारे 95 टक्के मुलांमध्ये विकासातील विलंब किंवा काळजीची बाब आढळली. म्हणजे चाळणी निदान करत नाही, पण ती बहुधा उगाचही अडवत नाही. या मुलाची श्रवणचाचणी व्यवस्थित आली, आणि निदानाची वाट न पाहता संवादावरचे काम सुरू झाले. काही महिन्यांनी स्वमग्नतेचे निदान झाले, तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न पुढच्या सत्राची वेळ कोणती, हा होता.

गुण कमी आले, तरी चाळणी एकदाच करून थांबू नये. 18 आणि 24 महिन्यांना, अशी दोनदा ती करण्याची शिफारस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना करते. सतत रडणे, झोप न लागणे, कशानेही शांत न होणे अशा सामाजिक-भावनिक तक्रारींसाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत, त्या मागून घ्याव्यात. भेटीला येण्यापूर्वी घरातल्या खेळाचे मोबाइलवर छोटे चित्रीकरण करून आणावे. आणि आलेले शब्द किंवा हावभाव मूल गमावू लागले, तर वय कितीही असो, पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत थांबू नये.