कच्चे मडके म्हटल्यावर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पोचले. ज्या मोल्डरमामांनी (वाळूचे साचे भरणाऱ्या कारागिरांनी) तुझ्या जन्माच्या आधीपासून वाळूत हात घातलेला आहे, त्यांनी सगळ्या पाळीसमोर "वाळूत ओल जास्त आहे, आज साचे भरू नका" असे सांगितले. तू चाचणीच्या कागदावरचा आकडा दाखवून त्यांना गप्प केलेस. आणि दुसऱ्या दिवशी कास्टिंग साफ करताना जागोजागी ब्लोहोल, म्हणजे धातूतल्या पोकळ्या, निघाले. बेळगावच्या उद्यमबागेत पर्यवेक्षक म्हणून रुजू होऊन काही महिनेच झाले असताना असे घडल्याने तुला आता फाउंड्रीच्या दारातून आत जाणेही जड वाटते. हरिपाठात आपण जी नम्रता आळवतो ती कारखान्यात चालते का, आणि चालवली तर हाताखालची माणसे आपल्याला मानतील का, असे तू विचारले आहेस.

आधी झालेली गोष्ट नीट पाहू. तुझा आकडा खोटा नव्हता, तो सकाळचा होता. मध्ये कोणी तरी वाळूत पाणी वाढवले असेल. ओतलेल्या लोखंडाच्या उष्णतेने जादा पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडू शकली नाही की धातूत पोकळ्या राहतात, हे तू पदविकेच्या वर्गातच शिकला आहेस. मामांनी वाळूची मूठ आवळून तीच गोष्ट सांगितली. म्हणजे तुझे आणि त्यांचे ज्ञान एकमेकांच्या विरोधात नव्हतेच. पुन्हा एकदा नमुना तपासायला काही मिनिटे पुरली असती, आणि ती मिनिटे तू दिली नाहीस, कारण त्या क्षणी प्रश्न वाळूचा राहिला नाही, चारचौघांत कोणाचे खरे ठरते याचा झाला.

नामदेवांची कथा तू कीर्तनात अनेकदा ऐकली आहेस. गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संतमंडळी जमलेली असताना मुक्ताईने मडकी थोपटायच्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारले की याने काय करतात. मडके कच्चे की पक्के ते पारखतो, असे काका म्हणाले. मग आम्हांलाही पारखा, असे ठरले आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे स्वस्थ बसले, नामदेव मात्र चिडले, आणि काकांनी सर्वांसमक्ष सांगितले की हे मडके कच्चे आहे. कीर्तनकार बहुधा येथे हशा घेतात आणि पुढे सरकतात. मला मात्र कथेचा उरलेला भाग अधिक मोलाचा वाटतो. नामदेव तक्रार घेऊन विठ्ठलाकडे गेले, तेथेही त्यांच्या बाजूने कौल मिळाला नाही, आणि मग ते औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या त्या म्हाताऱ्याने "जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव" असे सांगितल्यावर त्यांनी त्यालाच गुरू केले. देव ज्याच्याशी बोलतो अशी ख्याती असलेल्या माणसाने हे केले. पुढे हेच नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली, आणि तरीही पंढरपूरच्या महाद्वारात त्यांची जागा पायरीची आहे. राग आल्यामुळे नामदेव लहान झाले नाहीत. राग आल्यानंतर ते कोणत्या दिशेला चालू लागले, हे पाहण्यासारखे आहे. तुलाही राग आला, लाज वाटली, हे स्वाभाविक आहे. तो अजून दोष नाही.

आपल्या गावच्या पारायणात पहाऱ्याला उभा राहताना तू आधीच्या विणेकऱ्याच्या पाया पडतोस, तोही तुझ्या पाया पडतो, आणि मग वीणा तुझ्या गळ्यात येते. समोरचा तुझ्याहून वयाने लहान असला, शिकलेला नसला, त्याच्या शेतावर तुमच्या घरचे कोणी मजुरीला जात असले किंवा त्याच्या घरचे तुमच्याकडे येत असले, तरी त्या वेळी कोणी विचार करत नाही. सप्ताहभर वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून हा क्रम रात्रंदिवस चालतो. ही सवय तुझ्या अंगात आहे. फक्त ती मंडपाच्या कनातीपाशी थांबते. मामांकडून पाळीची वाळू समजून घेणे हेही एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हाती काम येणेच आहे.

तेव्हा पुढच्या पाळीला जाऊन मामांशी बोल. चहाच्या टपरीवर बाजूला घेऊन बोलू नकोस. त्यांचे म्हणणे तू सगळ्यांसमोर मोडलेस, तर ते बरोबर होते हेही सगळ्यांसमोरच सांगितले पाहिजे. दोन वाक्ये पुरेत. "मामा, त्या दिवशी तुमचे बरोबर होते, मी पुन्हा तपासायला हवे होते" एवढे म्हणून वाळूची मूठ कशी पाहायची ते त्यांच्याकडून शिकून घे. त्याच नमुन्याची यंत्रावरही चाचणी कर आणि दोन्ही वहीत लिहून ठेव. मुठीपुढे यंत्र टाकून देणे ही नम्रता नव्हे, ती भाबडी भरपाई होईल.

क्षमा मागण्यातही एक गोड सापळा असतो. ज्ञानाची लक्षणे सांगताना गीतेच्या तेराव्या अध्यायात पहिले नाव अमानित्वाचे येते, आणि ज्ञानोबारायांनी त्या एका शब्दापाशी बराच मुक्काम केला आहे: "पूज्यता डोळां न देखावी । स्वकीर्ति कानीं नायकावी । हा अमुका ऐसी नोहावी । सेचि लोकां ॥" आपल्याला कोणी पूज्य मानलेले डोळ्यांना दिसू नये, आपली कीर्ती कानांवर येऊ नये, आणि हा अमका म्हणून लोकांनी आठवणही ठेवू नये, असे ज्याला मनापासून वाटते तो अमानी. आता हात जोडून, डोळे पाणावून, मी किती लहान आहे हे पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या माणसाला नेमके काय हवे असते ते पाहा. त्याला "केवढा मोठेपणा!" हे ऐकायचे असते. (आपल्याकडच्या देवळांत छताच्या पंख्यांच्या पात्यांवरही देणगीदारांची नावे रंगवलेली असतात. पंखा फिरू लागला की ती वाचता येत नाहीत, तेवढीच देवाची कृपा.)

माणसे मानतील का, हा तुझा प्रश्न यातून पुरता सुटत नाही, हे मला मान्य आहे. काही जण तुझ्या कबुलीचा गैरफायदा घेतील. एखादा उद्या मुद्दाम तुझा शब्द मोडून पाहील. तेथे कडक राहा. "मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास । कठिण वज्रास भेदूं ऐसे" असे म्हणणारे तुकोबा लाचारी शिकवत नव्हते. डोळ्यांचे रक्षण करणारा चष्मा न घालता कोणी ओतकामाला उभा राहिला, तर तो मामांच्या वयाचा असला तरी त्याला बाजूला काढ. नाकारलेल्या मालाचा आकडा कमी लिहायला वरून कोणी सांगितले, तर नम्र आवाजात नाही म्हण. आवाज मऊ असावा, नकार मऊ असण्याचे कारण नाही.

पत्रात एक वाक्य तू ओझरते टाकले आहेस, की मामा कन्नडमध्ये बोलले म्हणून तुला ते अधिक लागले. हे वाक्य मी सहज सोडणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले, तेव्हापासून आपल्या भागात भाषेचा प्रश्न उभा आहे, आपल्या घरांनी त्यासाठी सोसले आहे, आणि मराठीच्या हक्काची मागणी सोड असे मी तुला कधीही म्हणणार नाही. पण ती मागणी सरकारकडे आहे. वाळू चाळणारा माणूस म्हणजे सरकार नव्हे. आपण भाषणांत "कानडा विठ्ठल" फार लवकर आठवतो आणि शेजारच्या कानडी माणसाच्या बोलण्याला मात्र कपाळावर आठी घालतो. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी आपली मलप्रभा कूडलसंगमाला कृष्णेत मिळते, आणि त्याच संगमाच्या देवाला बाराव्या शतकात लिंगायत संत बसवण्णा म्हणाले, "एनगिंत किरियरिल्ल, शिवभक्तरिगिंत हिरियरिल्ल", म्हणजे माझ्याहून लहान कोणी नाही आणि शिवभक्तांहून थोर कोणी नाही. मामा लिंगायत असतील तर हे वचन त्यांना पाठ असेल. त्यांना अर्थ विचार. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचार आणि ते हसले तर हसू दे; प्रौढ वयात नवी भाषा बोलताना चुका होतात आणि त्या चुका सहन करण्याइतका अहंकाराचा चांगला व्यायाम दुसरा मला माहीत नाही. मात्र आदरार्थी "री" लावायला विसरू नकोस. मराठीत तू त्यांना अहोजाहो करतोस, कन्नडमध्ये नकळत एकेरीवर येशील.

आता आत्मपरीक्षणाविषयी. रोज रात्री दिवसभराचा हिशोब मांडून स्वतःला दोष देत बसतोस, असे तू लिहिले आहेस. ही सवय ताबडतोब बदल. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि त्यांत ते आपल्या मनाला वारंवार समजावतात, पण दुसऱ्याच श्लोकात त्याला सज्जन म्हणून हाक मारतात. चुकणाऱ्या मनाशी त्या सुरात बोलता आले पाहिजे. तुझ्यासाठी सातवा श्लोक पुरेसा आहे: "मना श्रेष्ठ धारिष्ट जीवी धरावे । मना बोलणे नीच सोशीत जावे ॥ स्वये सर्वदा नम्र वाचे वदावे । मना सर्व लोकांसि रे नीववावे ॥" दिवसातील एकच प्रसंग घे आणि तो या चार ओळींपुढे धर: धीर सुटला कोठे, लागलेले बोलणे सोसले का, मी काय शब्द वापरले, आणि समोरचा माणूस निघताना शांत झाला होता की पेटलेला. उत्तरे वहीत चार ओळींत लिही आणि वही मिट. त्याच प्रसंगात मामांचे काय चुकले हे लिहायला हात शिवशिवेल. ते लिहू नकोस, तो हिशोब त्यांचा आहे. आणि फोनवर लिहू नकोस. फोनवर लिहिलेले आत्मचिंतन फार लवकर स्टेटसवर जाते.

या कामासाठी नोकरी-संसार सोडून कोठे जावे लागत नाही. बाळेकुंद्रीचे पंत महाराज (१८५५–१९०५) बेळगावात शाळामास्तर होते, संसारी होते, आणि त्यांच्या घरी भजनाला येणाऱ्यांची दाटी असे. दिवसा मुलांच्या वह्या आणि रात्री भजन, असा त्यांचा क्रम होता.

घरचा विषय तू पत्रात आणलेला नाहीस, म्हणून थोडक्यात लिहितो. कारखान्यात गिळलेला राग घरी आईच्या ताटावर निघतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. वहीतला प्रसंग आठवड्यातून एकदा तरी घरातला असू दे.

कार्तिकी एकादशीच्या आधी आपल्याकडे हरिपाठाला ये. मामांशी बोलणे झाल्यावर ते काय म्हणाले ते कळव. त्यांनी नुसती मान हलवून पुन्हा साचा भरायला घेतला असेल, तर तसेच लिही. त्यावरून ते रागावले आहेत असा अर्थ काढत बसू नकोस, ओतकामाच्या वेळी त्यांना बोलायला सवड नसते.

तुझा हितचिंतक