शिवारातला उतार आणि ओढ्याचा पूर

सोलापूर,
मृगाचा दुसरा दिवस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. मृद संधारणाच्या कामावर रुजू झाल्याचे वाचून फार आनंद झाला. पण त्याच पत्रात तू जो प्रश्न विचारला आहेस, त्याने दोन दिवस मला दुसरे काही सुचू दिले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेला महापूर तू डोळ्यांनी पाहिलास. लांबोटीजवळ पाणी चढले आणि सोलापूर–पुणे महामार्ग बंद करावा लागला, माढा आणि मोहोळ तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत घराघरांतून पाणी शिरले. एवढे पाहिल्यावर शेतातल्या अडीच फुटी मातीच्या बांधाला काय अर्थ उरतो, असे तू लिहितोस. मी १९६२ साली या कामाला लागलो तेव्हापासून बांधच आखत आलो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देणे मला भागच आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. तसा महापूर शिवारातल्या बांधांनी अडला नसता. सीना अहिल्यानगरकडून येते, धाराशिवच्या बाजूचे पाणी तिला मिळते, आणि जमीन आधीच तुडुंब भिजलेली व वरचे तलाव काठोकाठ भरलेले असताना पुन्हा अतिवृष्टी झाली, तर माती एक थेंबही जास्तीचा पीत नाही. तेव्हा बांधबंदिस्ती केली की सीनेला पूर येणार नाही, असे कोणत्याही ग्रामसभेत कधीही बोलू नकोस. लोक अशी वाक्ये विसरत नाहीत, आणि पुढे आपण खरे सांगायला गेलो तरी ऐकत नाहीत.

मात्र नदीचा महापूर वेगळा आणि ओढ्याचा पूर वेगळा. महापूर काही वर्षांनी एकदा येतो. ओढ्याचा पूर उत्तरा-हस्ताच्या एखाद्या जोरदार सरीने जवळजवळ दरवर्षी येतो, काठचे एक-दोन एकर रान खरवडून नेतो, विहीर गाळाने भरतो आणि कोणाच्या बातमीतही येत नाही. आपले काम या दुसऱ्या पुराशी आहे. त्याचा हिशेब तू स्वतः मांडून पाहा. पन्नास मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी दोन लाख लिटर पाणी. त्यातले निम्मे वाहिले असे धर. पाचशे एकरांच्या लहानशा पाणलोटातून पाच कोटी लिटर पाणी ओढ्याला येते. ते एका तासात आले तर सेकंदाला सरासरी चौदा हजार लिटर, आणि तेच सहा तासांत आले तर सेकंदाला सव्वादोन-अडीच हजार लिटर. पाणी तेवढेच, पाऊस तोच. पण पहिल्या वेळी ओढा काठ सोडतो आणि दुसऱ्या वेळी पात्रातून जातो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की माती कापण्याची त्याची ताकद चौपट होते, हे तू शिकलाच आहेस. बांधाचा उपयोग पाणी कायमचे कोंडण्यासाठी नाही, त्या एका तासाचे सहा तास करण्यासाठी आहे. त्या वेळात जे मुरते, ते रब्बीच्या शाळूला मिळते.

आणि मातीचाही हिशेब कर. एकरावरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तर डोळ्याला काहीही दिसत नाही, कुळव फिरला की रान पूर्वीसारखेच काळे दिसते; पण तो थर जवळजवळ दीड ब्रास माती असते, म्हणजे सुमारे पाच टन. शेतकऱ्याच्या बांधावरून कोणी दीड ब्रास माती ट्रॉलीत भरून न्यायला लागला तर भांडण होईल. पाणी नेते तेव्हा कोणी भांडत नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

आपल्या जिल्ह्यात हे शास्त्र बाहेरून आलेले नाही, हेही ध्यानात ठेव. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ साली सुरू झाले, आणि उतारावर वाफे आखून त्यांतून वाहून जाणारे पाणी व माती प्रत्यक्ष मोजण्याचे काम देशात ज्या ठिकाणी सर्वांत आधी झाले त्यांत हे ठिकाण आहे. पुढे १९४२ साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि बंडिंग, म्हणजे बांधबंदिस्ती, हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. मी लागलो तेव्हा माझ्या हातात डंपी लेव्हल (जमिनीची पातळी पाहायची दुर्बीण), स्टाफ म्हणजे मापाची उभी पट्टी, खुंट्या आणि चुन्याच्या फक्कीची पाटी एवढेच साहित्य होते. दोन बांधांतले अंतर काढायचा आमचा ठोकताळा सोपा होता. जमिनीच्या उताराच्या टक्क्याला तीनने भागायचे आणि त्यात दोन मिळवायचे. येईल तेवढ्या फुटांचा उतार उतरला की पुढचा बांध. एक टक्का उताराला सव्वादोन फुटांच्या थोडे वर, म्हणजे जमिनीवर सुमारे २३३ फूट. तीन टक्क्यांना तीन फूट, म्हणजे १०० फूट.

हा ठोकताळा पाठ झाल्यावर मला वाटले की काम आले. ते आले नव्हते, हे मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात कळले.

सांगोल्याच्या, करमाळ्याच्या माळावर हात-दीड हात मातीखाली मुरूम लागतो. तिथे समपातळी बांध, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवरून जाणारे बांध, घालून पाणी अडवले की ते दोन-तीन दिवसांत जिरते. खोल काळ्या रानाची गोष्ट निराळी आहे. उन्हाळ्यात त्या रानाला इतक्या रुंद भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो, आणि एकदा ती माती भिजून फुगली की पाणी खाली उतरणे जवळजवळ थांबते. मी तिथेही समपातळीच बांध आखले. उन्हाळ्यात काम झाले, ढेकळे न फोडता तशीच बांधावर पडली, आणि सांडव्याचा दगड पुढच्या महिन्यात येईल म्हणून जादा पाणी बाहेर सोडायचे सांडवे राहिले. उत्तरा नक्षत्रात एका रात्री मोठा पाऊस झाला. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबले, ते सहा दिवस हलले नाही. नुकताच उगवलेला मालदांडी शाळू पट्ट्यापट्ट्याने पिवळा पडला. त्या रानाच्या म्हाताऱ्या बाबांनी मला दोनदा निरोप धाडला, आणि मी दुसऱ्या गावी होतो. सातव्या रात्री त्यांनी खोरे घेऊन स्वतःच बांध फोडला. त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

सकाळी गेलो तेव्हा खालच्या शेतकऱ्याच्या रानातून कमरेइतकी खोल घळ गेलेली होती. तिच्या भिंतीवर वरचा काळा थर, मग चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला करडा थर आणि तळाला पिवळा मुरूम असे पट्टे चाकूने कापल्यासारखे स्वच्छ दिसत होते. तो शेतकरी काठावर उकिडवा बसला होता. त्याच्या ओंजळीत मोड आलेले बियाणे होते, तेही त्याने घळीतल्याच चिखलातून वेचलेले. तो मला एक शब्दही बोलला नाही.

त्या रानाला ढाळीचे बांध हवे होते. शंभर फुटांना अडीच ते पाच इंच ढाळ देऊन, जादा पाणी हळूहळू गवत लावलेल्या चरातून ओढ्यापर्यंत सुखरूप नेणारे. आणि कोणत्याही रानात सांडव्याशिवाय बांध बांधायचा नव्हता. म्हणून तुला सांगतो, आधी पाणी कुठून बाहेर जाणार ते ठरव, सांडव्याचा दगड जागेवर आण, आणि मगच फक्की मार. ढेकळे फोडल्याशिवाय थर चढवू देऊ नकोस. माती पुढे दबणार हे धरून उंची चतुर्थांश जास्त ठेव. पहिल्या पावसातच बांधावर मारवेल किंवा पवन्या गवत लाव, म्हणजे शेतकऱ्याला वैरण मिळेल आणि तो बांध नांगराने कोरणार नाही. घुशी-खेकड्यांची बिळे दरवर्षी मृगाआधी बुजवली पाहिजेत. बांध बहुधा वरून पाणी गेल्याने फुटतो किंवा एखाद्या बिळाने, तिसरे कारण मी क्वचित पाहिले.

१९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्यात अफाट माती हलली. भुकेल्या माणसांना काम मिळाले, त्याचे मोल मी कधीच कमी लेखणार नाही. पण मजुरी खोदलेल्या खड्ड्याच्या मापावर निघे, खड्ड्यात मोजणीसाठी मातीचा उंचवटा सोडलेला असे, आणि वर टाकलेली माती बसली की नाही हे मोजायला कोणाला सवड नसे. पुढच्या चांगल्या पावसात त्यांतले कित्येक बांध विरघळले. मोजमापाच्या वहीत काम पूर्ण होते. तू वही भरशील तेव्हा बांधाची बसल्यानंतरची उंची आणि सांडव्याची पातळी यांचाही रकाना स्वतः आखून घे, छापील नमुन्यात नसला तरी.

मोठे धरण की लहान बांध, हा तुझा दुसरा प्रश्न. हा वाद आपल्याकडचाच आहे असे समजू नकोस. अमेरिकेत धुळीच्या वादळांनंतर १९३५ साली ह्यू बेनेट यांच्या नेतृत्वाखाली मृद संधारणाचे सरकारी खाते उभे राहिले. पूरनियंत्रण म्हणजे नदीवरची मोठी धरणे आणि तटबंध, असेच तोवर तिथेही मानत. मग १९४४ च्या कायद्याने ओक्लाहोमातल्या वॉशिटासारख्या काही नद्यांच्या पाणलोटांत आधी शेताची बंदिस्ती आणि मग ओढ्यांवर लहान बंधारे असे काम घेतले, आणि १९५४ साली लहान पाणलोटांसाठी वेगळा कायदा केला. माझ्या मते त्यातली खरी शिकवण कामाच्या क्रमात आहे. वरची जमीन न बांधता खाली बंधारा घातला तर तो गाळाने भरतो. आपल्या गावातले जुने पाझर तलाव पाहा. गाळ उपसायच्या योजना दर काही वर्षांनी निघतात, आणि तो गाळ ज्या माळावरून आला त्या माळाकडे कोणी पाहत नाही. उजनी धरणाच्या पोटातही असाच गाळ साठत आहे.

याच कारणाने ओढे खोल, रुंद आणि सरळ करण्याच्या कामाबद्दल मला मोठी काळजी वाटते. ओढ्याची वळणे आणि काठचा करंज-बाभळीचा पट्टा पाण्याला रेंगाळायला लावतात. सरळ केलेला ओढा वरच्या गावाचे पाणी लवकर नेतो आणि खालच्या गावाच्या उंबऱ्यावर आणून घालतो. तुझ्याकडे असा प्रस्ताव आला तर खालच्या गावी जाऊन ये, मगच सही कर.

आता तुझे पहिले काम. नकाशा आज उघडू नकोस. मृगाचा पहिला जोरदार पाऊस होईल त्या वेळी छत्री घेऊन शिवारात जा, आणि पाणी कुठे एकत्र येते, कोणत्या बांधाला वळसा घालते, कुठे गढूळ होते हे वाहत असतानाच पाहा. दुसऱ्या दिवशी त्यातले निम्मे दिसणार नाही. बरोबर चार रिकाम्या काचेच्या बाटल्या ने. एक माळावरच्या ओघळीत भर, एक बांध घातलेल्या रानाच्या सांडव्याखाली, एक बांध नसलेल्या रानाखाली, आणि एक ओढ्याच्या पुलाजवळ. प्रत्येकीवर जागा आणि वेळ लिही, त्या खिडकीत चार दिवस न हलवता ठेव, आणि तळाशी बसलेल्या गाळाची जाडी पट्टीने मोजून मला कळव. बाटल्या धुऊ नकोस. दिवाळीत येशील तेव्हा घेऊन ये.

तुझा,
काका