बदलीमुळे मुलांसह चिपळूणला राहायला जायचंय. घर बघण्याआधी गावाबद्दल काय माहीत असावं?

सगळ्यात आधी पूर. वाशिष्ठी आणि शिव या दोन नद्या शहरातून जातात. २६ जुलै २००५ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ला बाजारपेठ बुडाली. डोंगरातला पाऊस, खाडीची भरती आणि कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत येणारं पाणी, हे सगळं एकाच वेळी जमलं की पाणी उतरायला जागाच राहत नाही.

त्यामुळे एजंट ‘इथे पाणी येत नाही हो’ म्हणाला तरी खाली किराणा दुकानात विचारा, ‘२०२१ला कुठवर आलं होतं?’ दुकानदार भिंतीवर हात ठेवूनच दाखवेल. पाटबंधारे खात्याची निळी (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषाही बघून घ्या. तळमजला शक्यतो नकोच. गाडी कुठे लावणार, मीटर किती उंचीवर आहे, हेही बघा. उंचावर डोंगरउताराला घर मिळत असेल तर मागची दरड मात्र नीट तपासा.

भूकंपाचं म्हणाल तर १९६७चा कोयनेचा धक्का जुनी माणसं अजून सांगतात. गावाच्या इतिहासासाठी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर गाठा. आणि घर जुलैत बघायला जा, मे महिन्यात सगळीच घरं छान दिसतात.